भवानीचा रुपया

माझ्या वहिनीला मार्व्याच्या कोळीवाड्यात अजून काही जण ‘गेमवाली कमळ’ म्हणतात. कौतुकानंच म्हणतात, पण तिला ते आवडत नाही, आणि मला तर ऐकवतच नाही. ती गेम का खेळायला लागली आणि का सोडला, हे म्हणणाऱ्यांना धड माहीत नसतं. मला माहीत आहे, कारण त्यातला अर्धा घोळ मी स्वतः घातलेला आहे.

कमळ ही माझ्या भावाची, रामचंद्राची बायको. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. भाऊ बोटीवर, वहिनी मासळी विकायला मालाडच्या बाजारात, आणि घरात पहिली मॅट्रिक झालेली म्हणून मी मालाडच्याच एका औषधांच्या कंपनीत टायपिस्ट. सकाळी दोघी एकाच टेम्पोनं निघायचो. ती मागे पाट्यांजवळ, मी पुढे, मांडीवर पर्स आणि नाकाला रुमाल. त्या रुमालाची आता लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

वहिनीचा स्वभाव म्हणजे, जे करायचं ते मजेत. भाव करताना ती गिऱ्हाइकाशी भांडायची तेसुद्धा हसत. पण एका गोष्टीत तिच्याशी मस्करी चालत नसे. ती म्हणजे भवानी. दिवसाची पहिली विक्री. पहिल्या गिऱ्हाइकाचा पैसा हातात आला की ती तो कपाळाला लावायची, आणि एकदा कपाळाला लावला की ते गिऱ्हाईक जे मागेल ते द्यायचं. तोट्यात गेलं तरी द्यायचं. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाजारात तिच्या हाताला गुण आहे अशी बोलवाच होती. भाजीवाल्या आपल्या भाजीची पहिली जुडी मुद्दाम तिच्या हातानं उचलून घ्यायच्या.

त्या बाजारात धोंडिरामचं दुकान होतं. हा साताऱ्याकडचा माणूस, आधी रेडिओ दुरुस्त करायचा. शहाऐंशी साली त्यानं रेडिओ आवरले आणि व्हिडिओ गेमची तीन मशिनं भाड्यानं आणून ठेवली. कपाटाएवढी उंच, काचेमागं टीव्ही, खाली एक दांडा आणि दोन बटणं. पहिले चार दिवस आत कुणी फिरकलं नाही. लोक दारातून डोकावायचे, रुपया टाकून मिळणार काय ते विचारायचे आणि चालू पडायचे. पाचव्या दिवशी धोंडिराम समोर रस्त्याच्या कडेला बसलेल्या वहिनीकडे आला आणि हात जोडून म्हणाला, “कमळताई, आज पहिला रुपया तुमच्या हातचा पडू द्या.”

“आन त्याचं मिलतं काय?”

“खेळायला मिळतं.”

“बस?” म्हणून ती हसली, पण गेली. धोंडिराम रुपया देत होता, तो तिनं घेतला नाही. भवानी दुसऱ्याच्या पैशानं होत नाही म्हणाली आणि कमरेच्या पिशवीतला स्वतःचा रुपया टाकला. पडद्यावर खाली एक छोटं विमान, वरून शत्रूच्या बोटी. वहिनीचं विमान पापणी लवायच्या आत फुटलं आणि तिला असं हसू फुटलं की बाजारातली पंधरा माणसं काय झालं ते बघायला आत आली. त्यातल्या दहांनी रुपये टाकले. त्या दिवसापासून धोंडिरामनं तिला दुकानाची दगडी पायरी देऊन टाकली. रोज पहिला रुपया तिच्या हातचा, आणि पायरी तिची.

पायरी म्हणजे काय हे मासळीवालीलाच विचारावं. दुपारपर्यंत सावली, पाठीला टेकायला भिंत, आणि मुख्य म्हणजे म्युनिसिपालिटीची गाडी आली तरी पळायला नको. रस्त्यावर बसलेल्यांच्या पाट्या गाडीत उलट्या व्हायच्या. वहिनीची पाटी सात वर्षांत तीनदा गेली होती. पायरीवर बसल्यापासून एकदाही नाही.

खेळ मात्र तिनं खेळासारखाच ठेवला. रोज सकाळी एक रुपया. ओले हात लुगड्याला पुसायचे, दांडा धरायचा आणि शत्रूच्या बोटींना शिव्या घालत खेळायचं. मध्येच बाहेरून कुणी “ए कमळ, पापलेट कसं?” म्हणून हाक मारली की विमान तिथंच सोडून निघायची. पोरं कळवळायची.

“अगं मावशी, सोडू नको ना! वाट लागली विमानाची!”

“मशीन कुठं पलतंय? गिऱ्हाईक पलेल.”

आकड्याकडे तिनं कधी बघितलं नाही. रात्री मशीन बंद केलं की आतले आकडे पुसले जायचे, म्हणून धोंडिराम सगळ्यांत मोठा आकडा आणि नाव खडूनं भिंतीवरच्या काळ्या पाटीवर लिहून ठेवायचा. त्या पाटीवर महिनोन्‌महिने एकच नाव होतं. मधुकर.

या मधुकरला तिथं आणलं मी. तो आमच्या ऑफिसात हिशेबाच्या टेबलावर. मामलेदारवाडीत राहायचा, तिशीचा, बिनलग्नाचा, बोलायला गोड. घरी मासळी चालत नाही, पण माझ्या डब्यातली सुकटीची चटणी बोटं चाटून खायचा. मला त्याचं फार अप्रूप होतं, आता कबूल करायला काय हरकत आहे. माझी वहिनी व्हिडिओ गेम खेळते असं मी त्याला गंमत म्हणून सांगितलं, तो गंमत बघायला आला, आणि अडकला.

त्याचं खेळणं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं. मनगटाला रुमाल गुंडाळायचा. खिशात छोटी डायरी, तिच्यात रोजचा आकडा, कुठं मेलो, कशानं मेलो. हसणं नाही, बोलणं नाही. कुणी शेजारी खोकलं तरी कपाळाला आठी. मी एकदा म्हटलं, “अरे, खेळ आहे तो.”

“खेळायचं तर जिंकायला,” तो म्हणाला. “नाहीतर कशाला? वेळ घालवायचा तर घरी बसून शेंगा सोलाव्यात.”

वहिनी पायरीवरून ओरडली, “जिकून घरी काय न्यायाचं रं? ते मशीन?”

तो हसला. पण त्याला ते लागलं असणार. मला तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या टप्प्यावर एक भलंमोठं जहाज यायचं. पोरं त्याला शेठ म्हणायची. शेठ आला की पडदा गोळ्यांनी भरून जायचा आणि सगळ्यांची विमानं तिथंच संपायची. मधुकरची सुद्धा. मग सत्त्याऐंशीच्या श्रावणातला एक सोमवार आला. श्रावणात मासळीला कोण विचारतं? पाटीत थोडी सुकट, थोडी खाडीची कोलंबी, आणि गिऱ्हाइकाचा पत्ता नाही. त्यामुळे वहिनीला कुणी हाक मारली नाही आणि तिचा खेळ पहिल्यांदाच शेवटपर्यंत चालला. शेठ आला, शेठनं गोळ्या सोडल्या, आणि वहिनी सरळ त्याच्या पोटाखाली जाऊन उभी राहिली. शेठ फुटला. धोंडिराम आकडा बघून ओरडला आणि पाटीवरचं मधुकरचं नाव पुसून तिथं ‘कमळ’ लिहिलं.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मधुकरनं ती पाटी वाचली. चेहरा असा पडला की मला त्याची कीव आली. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी लवकर येऊन वहिनीच्या मागे उभा राहू लागला. कसं केलंस, कसं केलंस. ती म्हणायची, “मना काय ठावं? ऐकू येतं.” त्याला वाटलं लपवतेय. ती लपवत नव्हती. मला तिनं एकदा टेम्पोत समजावून सांगितलं. दिवसभर ती पायरीवर मशिनांकडे पाठ करून बसायची, म्हणजे तिनं तो खेळ डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त पाहिला होता. शेठ गोळ्यांचा भडिमार करायच्या आधी मशीनची घरघर क्षणभर थांबते आणि बारीक ‘टक्’ होतं. ते ऐकलं की पोटाखाली शिरायचं, तिथं गोळी लागत नाही. आरडाओरडा करणाऱ्या पोरांना ते कधी ऐकू आलं नव्हतं, आणि मधुकर तर फक्त डोळे फाडून बघायचा.

दसऱ्याच्या सुमारास मशिनांचा मालक आला. त्याला अजून दोन मशिनं ठेवायची होती, दाराला काच बसवायची होती, आणि पायरीवर मासळीचा वास नको होता. चांगल्या घरची मुलं येत नाहीत म्हणाला. धोंडिरामची पंचाईत झाली. भवानीचा हात सोडायची त्याला भीती, मालकाला नाही म्हणायची हिंमत नाही. त्यानंच मग तोड काढली. रविवारी स्पर्धा ठेवू, पाटीवर नाव लागलेले दोघं समोरासमोर. कमळ जिंकली तर चॅम्पियन कोळीण बघायला गर्दी होईल, ती पायरीवरच बसेल. हरली तर काच, आणि पायरी मोकळी. मालकाला ही कल्पना झकास वाटली. हे सगळं सगळ्यांसमोर ठरलं. मधुकर तिथंच होता, डायरी हातात घेऊन. त्यानं मान डोलावली.

मला एवढी खात्री होती की काय सांगू. वाटलं, मधुकर आपला माणूस आहे. मुद्दाम हरेल असं नाही, पण वहिनीच्या पोटावर पाय येईल असं काही करणार नाही. आणि खरं खेळला तरी शेठच्या पुढे त्याला जाता येत नव्हतंच. रविवारी सकाळी टेम्पोत मी वहिनीला बजावलं, “आज कुणी काही विचारलं तर सांगायचं नाही हं. ते टक् तुझ्याजवळ ठेव.”

“मी कशाला सांगतंय?” ती म्हणाली. त्या दिवशी ती हसत नव्हती. हात सारखे लुगड्याला पुसत होती, कोरडे असूनसुद्धा.

साडेसातला पाटी मांडली. मी बर्फ आणायला कोपऱ्यावर गेले. परत आले तर मधुकर पायरीवरून उठत होता. मला बघून म्हणाला, “बेस्ट ऑफ लक, जया,” आणि तडक आत गेला. पाटीतलं एकही पापलेट हललेलं नव्हतं, आणि वहिनीच्या मुठीत रुपया होता.

“काय घेतलंन त्यानं?”

“मासली नाय घेतली,” वहिनी म्हणाली. “रुपया हातात ठेवलान, बोलला भवानी माजी. मी कपालाला लावला. मंग बोलला, मना पापलेट नको, शेठचं सांग.”

“आणि तू सांगितलंस?”

“रुपया कपालाला लावलेला, जये. भवानीचा मानूस. नाय कसं बोलू?”

माझ्या हातातला बर्फ तसाच राहिला. कारण भवानीचं हे सगळं मधुकरला सांगितलं होतं मीच. डबा खाताना, मोठ्या अभिमानानं. आमची वहिनी कशी आहे माहीत आहे का, पैसा कपाळाला लावला की मागेल ते देते, तोटा बघत नाही. तो चटणी खात ऐकत होता. “ग्रेट बाई आहे,” म्हणाला होता. डायरीत लिहून घेतलं नाही एवढंच.

आठपासून अकरापर्यंत, स्पर्धा सुरू होईतो, तो त्याच मशीनवर होता. ‘टक्’ ऐकण्यावरच तो थांबला नाही. त्या आधी किती सुट्या गोळ्या येतात ते त्यानं मोजून काढलं. दर अकरा गोळ्यांनंतर टक्. म्हणजे आता त्याला कानांची गरजच नव्हती, आकडे पुरे होते.

अकराला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या ऑफिसातले सहा जण आले होते. ते आपोआप आले असं मी मरेपर्यंत मानणार नाही. वहिनी त्याला म्हणाली, “तू खेल आदी.” मधुकर खेळला. शेठ आला, त्याचे ओठ मोजत होते हे मला दिसत होतं. अकराव्या गोळीला तो पोटाखाली शिरला. शेठ फुटला. पुढचा शेठ आला, तोही फुटला. एक लाख ब्याऐंशी हजार. ऑफिसवाल्यांनी त्याला उचलायचंच बाकी ठेवलं.

मग वहिनी. तिनं दांडा धरला आणि मला तिचा तो हात ओळखीचा वाटेना. शिवी नाही, हसणं नाही. कपाळाला आठी, अगदी मधुकरसारखी. बाहेरून कुणीतरी हाक मारली, “ए कमळ, सुरमई कशी दिलीस?” आयुष्यात पहिल्यांदा तिनं मान वळवली नाही. गिऱ्हाईक दोनदा हाक मारून निघून गेलं.

शेठ आला. आणि ते सहा जण टाळ्यांच्या तालावर सुरू झाले, मधू, मधू, मधू. वहिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “जरा गप ऱ्हावा रं. मना ऐकू येत नाय.” लोक हसले. खेळायला कान कशाला लागतात, असं त्यांना वाटलं असेल. का लागतात ते तिथं तिघांनाच माहीत होतं. मी ओरडले, “गप्प बसा!” माझं कोण ऐकतंय? मी मधुकरकडे बघितलं. त्यानं एक हात वर केला असता तरी ते गप्प झाले असते. तो हाताची घडी घालून पडद्याकडे बघत राहिला. टक् कधी झालं ते वहिनीला कळलंच नाही. विमान मधोमध उभं असताना फुटलं.

तिनं दांडा सोडला, बाहेर जाऊन पाटीवर ओलं फडकं टाकलं आणि मला म्हणाली, “बरफ वितलला सगला.”

सोमवारी ऑफिसात मी त्याच्या टेबलासमोर उभी राहिले. मला रडायचं नव्हतं, पण रडले. म्हटलं, “केसानं गळा कापलास तू.”

तो शांतपणे म्हणाला, “जया, मी काय मुद्दाम हरायचं होतं? ती खेळाशी बेइमानी झाली असती. समोरच्याला कमी लेखणं झालं असतं.”

“हरायला कुणी सांगितलं होतं? शंभरदा जिंक. पण भवानी का केलीस?”

“नियमात बसत होतं,” तो म्हणाला. “तिनं सांगायला नको होतं.”

 तो खोटंही बोलत नव्हता, हाच तर संताप. त्याला खरंच तसं वाटत होतं. माझा डबा मी त्या दिवसापासून टेलिफोनवाल्या माणिककडे बसून खाल्ला, आणि सुकटीची चटणी नेणं बंद केलं.

त्याच आठवड्यात धोंडिरामनं काच बसवली. डोळ्यांत पाणी आणून बसवली, पण बसवली. वहिनी गटाराच्या कडेला पानपट्टीच्या मागे बसायला लागली. ऊन पाठीवर, आणि गाडीकडे सतत लक्ष. मशिनांचा आवाज तिथवर येत नसे, आणि तिनं पुन्हा कधी मशीनमध्ये रुपया टाकला नाही.

दसऱ्याचं तोरण सुकून गेलं असेल, अशा एका सकाळी मी टेम्पोतून उतरून तिला पाटी मांडायला हात लावत होते. बाजार अजून उघडत होता. मधुकर आला. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. तो उकिडवा बसला आणि पन्नासची नोट पुढे केली. “कमळताई, सगळी पापलेटं द्या. भाव करत नाही. भवानी माझी.”

पश्चात्ताप असेल. मी तो नाकारत नाही. पण परत त्यानं तीच वेळ निवडली होती, तोच शब्द. तिला नाही म्हणता येणार नाही, हे त्याला माहीत होतं म्हणूनच.

वहिनीनं नोटेकडे बघितलं. ताजी, चंदेरी पापलेटं होती, अकरा, आणि बाजूला थोडी मांदेली. पहिलं गिऱ्हाईक, जवळजवळ पूर्ण पाटी उचलणारं. मला वाटलं, आता घेईल, कपाळाला लावेल, आणि याला मोकळं वाटेल.

तिनं फडकं ओढून पाटी झाकली.

“माजी भवानी झाली,” ती म्हणाली.

“अहो, पाटी तर भरलेली आहे.”

“झाली बोल्ले ना.”

 त्यानं नोट घडी करून खिशात घातली आणि उठून गेला. वहिनी फडक्यावर हात ठेवून बसली होती.  इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत लावलं होतं, आणि तेही खोटं बोलून. थोड्या वेळानं एक म्हातारी चार आण्यांची मांदेली मागायला आली. वहिनीनं फडकं काढलं, ओंजळ भरून मांदेली दिली, आणि ते चार आणे कपाळाला लावून बराच वेळ तसेच धरून ठेवले.